लॉगिन विसरणारा ब्राउझर : कारणे आणि उपाय

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत लेथ आणि मिलिंग यंत्रांपासून काही पावलांवर, काचेच्या तावदानामागे, एक छोटेसे कार्यालय असते. एक टेबल, चलनांच्या फायली आणि एक संगणक एवढाच त्याचा संसार. सुटे भाग तयार होऊन टेम्पोत भरले गेले, तरी तो टेम्पो चाकणच्या मोटार कारखान्याकडे निघण्यापूर्वी या संगणकावर काही कामे उरकावी लागतात. बीजक तयार करणे, मालाची किंमत व वाहतुकीचे स्वरूप पाहून आवश्यक तेथे ई-वे बिल काढणे, खरेदीदार कंपनीच्या पुरवठादार-संकेतस्थळावर रवानगीची आगाऊ नोंद करणे, ही त्यांपैकी नित्याची कामे होत. अशा वेळी संगणकातील वेब ब्राउझर कालचे लॉगिन विसरून बसलेला असला, पासवर्ड आठवत नसला आणि ओटीपी ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो मालकाच्या खिशात पुण्याला गेलेला असला, म्हणजे टेम्पो फाटकातच उभा राहतो.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील दोन दशकांत हा सारा परिसर कारखान्यांनी गजबजून गेला. त्या काळापासून येथील कारभार फायली, शिक्के आणि कारकुनाच्या स्मरणशक्तीवर चालत आला होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि राज्य विम्याचा भरणा तर त्याआधीच संगणकावर आलेला होता. आज दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्यालाही अर्धा डझन संकेतस्थळांवर नियमित प्रवेश करावा लागतो. निधी व विम्याच्या भरण्यासाठी महिन्याची १५ तारीख आणि मासिक करविवरणासाठी २० तारीख ठरलेली आहे. ब्राउझर विसरला ही सबब या तारखांपुढे चालत नाही. त्यामुळे वरवर क्षुल्लक वाटणारा हा बिघाड समजून घेणे अगत्याचे ठरते.

संकेतस्थळ ओळखते कशाच्या आधारे?

ब्राउझर लॉगिन विसरतो असे आपण म्हणतो. परंतु मुळात संकेतस्थळालाच स्मरण नसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची उभारणी केली, तेव्हा त्यातील देवाणघेवाणीचा नियम जाणूनबुजून साधा ठेवण्यात आला होता. ब्राउझरने पान मागावे, सर्व्हरने ते द्यावे आणि व्यवहार तेथेच संपावा. पुढच्या क्षणी त्याच माणसाने दुसरे पान मागितले, तर सर्व्हरच्या दृष्टीने तो अनोळखीच. ग्रंथ वाचण्यासाठी ही व्यवस्था पुरेशी होती. दुकान चालविण्यासाठी नव्हती. गिऱ्हाइकाने टोपलीत कोणत्या वस्तू टाकल्या हे पुढच्या पानावर लक्षात राहीना. या अडचणीवर नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने १९९४ मध्ये तोडगा काढला. सर्व्हरने ब्राउझरच्या हाती एक लहानशी चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने दर वेळी ती दाखवावी, अशी ही योजना. या चिठ्ठीला कुकी हे नाव पडले.

चाकणच्या कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकावर हाच व्यवहार रोज पाहावयास मिळतो. बाहेरून आलेल्या माणसाचे ओळखपत्र सुरक्षारक्षक एकदाच तपासतो, वहीत नोंद करतो आणि क्रमांक घातलेला गेटपास हाती देतो. त्यानंतर स्टोअरमध्ये, कॅन्टीनमध्ये किंवा असेंब्ली शॉपमध्ये कोणी पुन्हा ओळखपत्र मागत नाही; पास पाहिला की काम भागते. पाहुण्याचा पास संध्याकाळी बाहेर पडताना परत घेतला जातो. कंत्राटी कामगाराच्या पासावर मात्र मुदतीची तारीख असते आणि तो त्या तारखेपर्यंत चालतो. पासवर्ड म्हणजे ओळखपत्र आणि कुकी म्हणजे गेटपास, एवढे ध्यानात आले की या विषयातील बरीचशी गुंतागुंत सुटते.

कुकीचेही असेच दोन प्रकार आहेत. एक प्रकार ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकतो. त्यावर तारीख नसते. दुसऱ्यावर समाप्तीची तारीख घातलेली असते आणि तो संगणकाच्या डिस्कवर जपून ठेवला जातो. प्रवेश करताना 'रिमेंबर मी' किंवा 'मला लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली, तर बहुधा दुसऱ्या प्रकारचा पास मिळतो. खूण करावयाची राहिली, तर पहिल्या प्रकारचा. दीर्घ मुदतीलाही आता मर्यादा आहे. २०२२ पासून क्रोम हा ब्राउझर कोणतीही कुकी ४०० दिवसांहून अधिक काळ ठेवीत नाही.

पिंपरी-चिंचवड परिसरात अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. बुधवारी संध्याकाळी संगणक बंद होतो आणि शुक्रवारी सकाळी प्रत्येक संकेतस्थळ नव्याने ओळख विचारते. आठवडाभर मात्र हा त्रास झालेला नसतो, कारण इतर दिवशी संगणक केवळ झोपविला जातो, ब्राउझरच्या विंडो उघड्याच राहतात. येथे बिघाड काहीच नाही. बिनतारखेचे पास बुधवारी रात्री परत गेले, इतकेच. शेजारच्या टेबलावरील संगणकाला हे सोसावे लागत नसेल, तर त्या ब्राउझरमध्ये मागील काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू करण्याचा पर्याय निवडलेला असण्याची शक्यता असते. त्या पर्यायामुळे क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर बिनतारखेच्या कुकीही जपून ठेवतात.

पासवर्डची वही आणि गेटपास वेगळे

दुरुस्तीस लागण्यापूर्वी नेमके काय हरवले आहे हे पाहिले पाहिजे. ब्राउझरपाशी दोन निरनिराळ्या आठवणी असतात. एक पासवर्डची वही आणि दुसरी कुकींची पेटी. संकेतस्थळ प्रवेशाचे पान दाखविते, पण नाव व पासवर्डच्या चौकटी आपोआप भरलेल्या असतात, तेव्हा वही शाबूत असून केवळ पास गेलेला असतो. चौकटीही रिकाम्या असतील, तर वही कधी भरलीच गेली नव्हती, किंवा वापरकर्ता दुसऱ्याच ब्राउझरमध्ये अथवा दुसऱ्याच प्रोफाइलमध्ये बसला आहे. हिशेबनीस क्रोममध्ये काम करतो आणि मालक रात्री त्याच यंत्रावर एज उघडतो. दोघांनाही वाटते की संगणक विसरला. एका ब्राउझरचे पास दुसऱ्यास चालत नाहीत. घरच्या आणि कार्यालयाच्या संगणकांवर एकाच खात्याने सिंक चालू केले, तरी पासवर्ड तेवढे इकडून तिकडे जातात. कुकी जात नाहीत. खाजगी म्हणजे इनकॉग्निटो विंडोत केलेला प्रवेश तर विंडो मिटताच संपावा, हाच तिचा उद्देश आहे.

दुसरा प्रश्न असा की, एकच संकेतस्थळ विसरते की सगळी? या एका प्रश्नाने अर्धी चिकित्सा होते.

सगळीच संकेतस्थळे एकदम विसरत असतील, तर दोष संकेतस्थळांकडे नाही. पास ज्या पेटीत ठेवले जातात तिच्याकडे आहे. बहुतेक वेळा कोणीतरी, सद्हेतूने, ती पेटी रोज रिकामी करण्याची व्यवस्था करून ठेवलेली असते. क्रोममध्ये 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या विभागात, 'साइट सेटिंग्ज'खाली, संकेतस्थळांनी यंत्रावर साठविलेल्या माहितीसंबंधी पर्याय आहेत. सर्व विंडो बंद होताच ती माहिती पुसावी, असा पर्याय तेथे निवडलेला असल्यास हेच विस्मरणाचे मूळ होय. अशा संगणकावर क्रोममधील गूगल खातेही वारंवार 'थांबलेले' दिसते, ही त्याची एक सहज ओळखू येणारी खूण आहे. फायरफॉक्समध्ये ब्राउझर मिटताना कुकी पुसण्याचा चौकोन आणि इतिहास कधीही न ठेवण्याचा पर्याय पाहावा. एजमध्ये बंद करताना काय काय पुसावे याची एक स्वतंत्र यादीच आहे. तीतील कुकींसमोरचे बटण तपासावे.

हे सर्व ठीक असूनही विस्मरण चालूच राहिले, तर संशय संगणक-सफाई करणाऱ्या प्रणालींवर घ्यावा. यंत्र वेगवान करण्याचे आश्वासन देणाऱ्या या प्रणाली चालू करताना किंवा ठरलेल्या वेळी कचरा म्हणून जे पुसतात, त्यात कुकीही असतात. वस्तुतः कुकी पुसल्याने यंत्राच्या वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. तरीही जुना संगणक मंदावला की अशी प्रणाली बसवून देण्याची प्रथा दुरुस्तीच्या दुकानांतून रूढ झाली आहे, आणि तिचा जाच मात्र महिनोगणती हिशेबनिसाला होतो. ती काढून टाकावी, किंवा निदान तिच्या यादीतून ब्राउझरच्या कुकी वगळाव्यात.

पेटी पुसली जात नाही, पण तिच्यात काही लिहिलेही जात नाही, असा प्रकारही आढळतो. डिस्क काठोकाठ भरलेली असेल, किंवा वीज अचानक गेल्याने ब्राउझरची नोंदफाइल बिघडली असेल, तर नवे पास टिकत नाहीत. याची परीक्षा सोपी आहे. ब्राउझरमध्ये एक नवे प्रोफाइल तयार करावे, एखाद्या संकेतस्थळावर खूण करून प्रवेश करावा, ब्राउझर मिटून पुन्हा उघडावा. नव्या प्रोफाइलला लक्षात राहिले, तर जुने प्रोफाइल किंवा त्यात बसविलेले एखादे एक्स्टेन्शन बिघडले आहे, हे निश्चित. प्रथम एकेक एक्स्टेन्शन बंद करून पाहावे. जुने प्रोफाइल टाकून देण्याची वेळ आलीच, तर त्यापूर्वी बुकमार्क आणि पासवर्ड अन्यत्र उतरवून घ्यावेत. घाईने केलेली ही एक दुरुस्ती मूळ दुखण्यापेक्षा महाग पडू शकते.

संगणकाच्या घड्याळाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज बंद असलेल्या काळात घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागते. तारीख मागे गेली तर ब्राउझर सुरक्षित जोडणीच नाकारतो. पुढे गेली तर सर्व पासांची मुदत संपली असे समजून ते पुसून टाकतो, आणि नंतर घड्याळ बरोबर लावले तरी ते परत येत नाहीत. किरकोळ किमतीची ही बॅटरी बदलल्याने सुटणारा दोष महागड्या दुरुस्त्यांच्या मागे लपून राहू शकतो.

कुलपाची किल्ली हरवते तेव्हा

विंडोज संगणकावर क्रोमसारखा ब्राउझर कुकी आणि पासवर्ड उघडे ठेवीत नाही. विंडोजकडून मिळालेल्या किल्लीने ते कुलूपबंद करतो. ही किल्ली वापरकर्त्याच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. त्यामुळे बाहेरच्या तंत्रज्ञाने जुना पासवर्ड न वापरता खात्याचा पासवर्ड बळाने बदलला, किंवा ब्राउझरची सारी फाइल उचलून नव्या संगणकावर ठेवली, तर पेटी आहे पण उघडत नाही अशी अवस्था होते. ब्राउझर मग सर्वच काही विसरल्यासारखा वागतो.

या किल्लीसंबंधीचा एक मोठा दोष २०२० मध्ये जगभर अनुभवास आला. त्या वर्षी मे महिन्यात विंडोज १० ची २००४ या क्रमांकाची आवृत्ती प्रसृत झाली. त्यानंतर क्रोम, एज आणि आउटलुक रोज लॉगिन विसरतात अशा तक्रारी सुरू झाल्या. लोकांनी ब्राउझर काढून पुन्हा बसविले, कुकी पुसल्या, पासवर्ड बदलले; उपयोग झाला नाही. शोधाअंती असे आढळले की, विंडोजमधील टास्क शेड्युलर या व्यवस्थेमार्फत विशिष्ट पद्धतीने चालणाऱ्या काही कामांमुळे वापरकर्त्याची ही किल्ली नाहीशी होत होती. दोष ब्राउझरचा नव्हताच. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती २०२१ च्या प्रारंभी आली. तोवर ती विशिष्ट कामे शोधून बंद करणे एवढाच मार्ग होता. लक्षण एका ठिकाणी आणि रोग दुसऱ्याच ठिकाणी असल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्या कारखान्यांनी अद्ययावत दुरुस्त्या मिळत आहेत किंवा नाहीत हेही याच निमित्ताने पाहून घेणे हिताचे.

एकच संकेतस्थळ विसरत असेल तर

अशा वेळी सर्व कुकी पुसून टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो अनाठायी आहे; एका कुलपासाठी सगळी दारे तोडण्यासारखे ते आहे. केवळ त्या संकेतस्थळाच्या कुकी पुसाव्यात, पान नव्याने उघडावे आणि खूण करून प्रवेश करावा. पत्ता नेहमी एकच वापरावा. आरंभी डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता यांचे पास काही संकेतस्थळांवर वेगळे असतात. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादार-संकेतस्थळांवर ओळख पटविण्याचे काम अनेकदा दुसऱ्याच पत्त्यावरील सर्व्हर करतो. ब्राउझरने अशा त्रयस्थ कुकी अडविल्या असल्यास पासवर्ड बरोबर असूनही प्रवेशाचे पान पुन्हा पुन्हा येत राहते. त्या एकाच संकेतस्थळापुरती सवलत द्यावी. सरसकट बंधन उठवू नये.

आणखी एक कारण लहान कार्यालयांत नेहमी घडते. काही संकेतस्थळे एका वापरकर्तानावाने एका वेळी एकच प्रवेश देतात. मालक घरून, हिशेबनीस कारखान्यातून आणि करसल्लागार आपल्या कार्यालयातून एकच नाव व पासवर्ड वापरीत असतील, तर प्रत्येक नवा प्रवेश आधीच्या माणसास बाहेर काढतो. यावर ब्राउझरमध्ये उपाय नाही. सोय असेल तेथे प्रत्येकास स्वतंत्र वापरकर्तानाव देणे हाच मार्ग.

काही संकेतस्थळे तर मुद्दाम विसरतात. बँका आणि करविषयक संकेतस्थळे काही मिनिटे हालचाल झाली नाही की प्रवेश संपवितात. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना पासवर्डखेरीज दुसऱ्या पडताळणीचेही बंधन आहे. ही विस्मृती दूर करण्यासाठी धडपडणे व्यर्थ आहे, आणि तशी युक्ती सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. चाकणच्या मोठ्या कंपन्यांतील संगणकांवर संस्थेनेच धोरण म्हणून कुकी रोज पुसण्याची आज्ञा दिलेली असू शकते. ब्राउझरच्या मेनूमध्ये तो संस्थेद्वारे व्यवस्थापित असल्याचा उल्लेख दिसतो. तेथे कर्मचाऱ्याने स्वतः फेरफार न करता माहिती-तंत्रज्ञान विभागास विचारावे.

विसरणे जेथे हितावह आहे

महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी अशा गावांतून भाड्याच्या खोल्यांत राहणारे हजारो कामगार आपला भविष्यनिर्वाह निधी पाहण्यासाठी किंवा एखादा दाखला काढण्यासाठी सेवा केंद्रातील अथवा सायबर कॅफेतील संगणकाचा आधार घेतात. त्या संगणकाने लॉगिन विसरावे, यातच त्यांचे हित आहे. चांगल्या केंद्रांत यंत्र पुन्हा सुरू होताच मूळ स्थितीत येण्याची व्यवस्था असते. तशी नसेल तर कामगाराने खाजगी विंडो उघडून घ्यावी, 'मला लक्षात ठेवा' येथे खूण करू नये, पासवर्ड जतन करण्याच्या सूचनेस नकार द्यावा आणि काम संपताच 'लॉगआउट' करावे. नुसती विंडो मिटणे म्हणजे पास खिशात ठेवून फाटकाबाहेर जाण्यासारखे आहे, आणि येथे तर खिसाही दुसऱ्याचा असतो.

कारण गेटपास ज्याच्या हाती, त्याला आत सोडले जाते. चोरट्या प्रणाली आता पासवर्डाइतक्याच तत्परतेने कुकी पळवितात. चालू प्रवेशाची कुकी हाती लागली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. गूगलने २०२४ च्या जुलैमध्ये विंडोजवरील क्रोमच्या कुकींना अधिक कडक कुलूप लावले ते याच कारणासाठी. फुकट मिळणाऱ्या बनावट हिशेब-प्रणाली आणि अनोळखी ईमेलमधून आलेली 'बीजके' हा अशा प्रणालींचा राजमार्ग होय.

विस्मरणाने गांजलेल्या माणसाचे आणखी एका प्रकारे नुकसान होते. रोज पासवर्ड टाकून कंटाळल्यामुळे तो सोपा ठेवला जातो, सर्व संकेतस्थळांना एकच केला जातो, आणि शेवटी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविला जातो. कारखान्यातील माणूस निष्काळजी असतो असे नव्हे. यंत्राने सतावले म्हणून तो हा मार्ग धरतो. त्यापेक्षा स्वतःच्या, कुलूपबंद संगणकावर ब्राउझरची पासवर्डची वही किंवा स्वतंत्र पासवर्ड-व्यवस्थापक वापरणे कितीतरी बरे. २० तारखेच्या रात्री प्रवेश अडला, तर मदतीसाठी मिळेल तो दूरध्वनी क्रमांक शोधून फिरविण्याचा मोह होतो. शोधयंत्रावर 'ग्राहक सेवा' म्हणून दिसणारे काही क्रमांक ठकसेनांचे असतात. दुरून संगणक हाताळण्याचे ॲप उतरवून घ्या, असे पलीकडून सांगितले गेले की संभाषण तेथेच थांबवावे. मदत-क्रमांक केवळ संबंधित संकेतस्थळावरूनच घ्यावा. तरीही पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवावी, बँकेस कळवावे, आणि दुसऱ्या एखाद्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलून 'सर्व ठिकाणचे प्रवेश रद्द करा' हा पर्याय वापरावा. चोरीस गेलेला पास त्याने निकामी होतो.